होडीला ठिकाण विचारू नये

त्या काळी आमच्या दियाफानी गावाच्या धक्क्यावर, होडीत पाय ठेवलेल्या माणसाला कुणी 'कुठे निघालास' असं विचारत नसे. चुकून कुणी विचारलंच, तर तो माणूस जाळं तिथेच टाकून घरी जाई आणि दिवसभर कॉफीच्या दुकानात तोंड फुगवून बसे. ठिकाणाचं नाव काढलं की समुद्र ते ऐकतो आणि आपल्या आधी तिथे जाऊन बसतो, अशी आमच्याकडे समजूत होती. बायकांना हे न्हात्याधुत्या होण्याआधीच शिकवलेलं असे. नवरा निघाला की भाकरीचं फडकं त्याच्या हातात द्यायचं, छातीवर क्रूस काढायचा आणि पाठ फिरवायची. तो परत येईपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही, काठावरून त्याला हाक मारायची नाही, आणि तो कुठल्या खाडीत गेलाय याचा घरात उच्चार करायचा नाही.

सेवास्तीने चौदा वर्षांच्या संसारात हे कधी मोडलं नव्हतं. तिचा नवरा मिनास हा दियाफानीतला चांगला होडीवाला. त्याची होडी निळी, लहानशी, पण इंजिन नवं होतं. ते इंजिन तिच्या माहेरच्या शेताच्या तुकड्यावर आलेलं, म्हणून अर्धी होडी आपली असं ती गमतीने म्हणायची.

त्या जुलैत गावात एक पाहुणा उतरला होता. यॉर्गन नावाचा, डेन्मार्कचा, ताडमाड उंच. आमच्या कार्पाथोस या ग्रीक बेटाला तेव्हा उत्तरेकडे मोटारीचा रस्ता नव्हता. रस्ता येण्याआधी किनाऱ्यावरची एकूण एक खाडी आणि एकूण एक वाडी पायी हिंडून बघायची, तिचं नाव, घरं, विहिरी, कोण पिरेअस बंदराला गेलं, कोण अमेरिकेला, सगळं वहीत उतरवून घ्यायचं, उंबऱ्यांवर खडूने घरांचे आकडे घालायचे, असं त्याने मनाशी घेतलं होतं. तीन आठवडे तो आमच्या डोंगरांवरून शेळीसारखा हिंडला आणि मग त्याचा गुडघा सुजला. म्हणून त्या सकाळी मिनास त्याला होडीतून नेणार होता.

पहाट अगदी शांत होती. पाण्यावर साय धरल्यासारखी. पाहुणा होडीत बसला, हातातला नकाशा उलगडला आणि आनंदाने म्हणाला, "सेवास्तीबाई, आज आम्ही जाणार—"

सेवास्तीने झेप घेतली आणि आपला तळवा त्याच्या तोंडावर दाबला. धक्क्यावरची माणसं हसायला लागली.

"बघ रे मिनास," तिचा धाकटा दीर निकितास ओरडला, "वहिनीने परक्या माणसाच्या तोंडाला हात लावला! आता तुझं काही खरं नाही."

"त्याचं तोंड मिटलं ना, बास," मिनास म्हणाला. "नाहीतर आज घरीच बसावं लागलं असतं."

पाहुणा लाल झाला, हसला, गप्प बसला. पण बोलता बोलता त्याचा एक हात वर गेला होता. तो हात समोरच्या समुद्राकडे गेला नव्हता. मागे, डोंगराकडे गेला होता. सेवास्तीने ते पाहिलं, आणि पाठ फिरवून घरी आली.

दहा वाजता वारा सुटला.

उन्हाळ्यात तो वायव्येकडून येतो, आकाश लखलखीत निळं असताना. ढग नाही, पाऊस नाही, नुसता वारा. आमचं गाव पूर्वेला, डोंगराच्या आडोशाला, तरी अकरापर्यंत धक्क्यावरच्या खुर्च्या लोळायला लागल्या. माणसांनी होड्या वर ओढून घेतल्या. सेवास्ती धक्क्यावर आली तेव्हा निकितास दोरखंड आवळत होता.

"होडी आली नाही ना?" तिने विचारलं.

"नाही आली. वहिनी, चेहरा कशाला पाडतेस? उत्तरेच्या बेटामागे आडोसा आहे, तिथे बसले असतील दोघे. शंख खात असतील दगडावर फोडून. तो काही खुळा नाही."

"आणि पलीकडे गेले असतील तर?"

निकितासचे हात थांबले. त्याने आजूबाजूला पाहिलं. "पलीकडे म्हणजे कुठे?" असं त्याने विचारलं नाही. कुणीच विचारलं नसतं. तो हळूच म्हणाला, "उगाच काहीतरी बोलू नको. सकाळी नव्हतं बोलायचं, तसं आताही नाही बोलायचं."

"पाहुण्याचा हात डोंगराकडे गेला होता, भावजी. मी पाहिलाय."

"हाताचं काय घेऊन बसलीस? ती माणसं बोलताना हात हलवतातच."

डोंगरापलीकडचा, पश्चिमेचा किनारा म्हणजे सरळ कडे. वारा तिकडे उघड्या समुद्रावरून येऊन आदळतो. उतरायला जागा दोनच, एक कामाराची आणि एक लिथीची. दोन्हीकडे कड्याखाली दगडाची एक अरुंद पट्टी. सकाळी तिथे जेवायला बसता येतं. वारा सुटला की दुपारनंतर लाटा तिच्यावर चढतात आणि संध्याकाळपर्यंत उभं राहायला बोटभर जागा उरत नाही. होडी तिथे असेल तर होडीचे तुकडे झालेच असणार. माणसं असतील तर ती त्या पट्टीवर होती, आणि पाणी चढत होतं.

"इथून होडी निघेल का?" तिने शेवटचं विचारलं.

"या वाऱ्यात? त्या बेटाजवळच्या सामुद्रधुनीत शिरलो तर आम्हीही जाऊ. जमिनीवरून जायचं म्हटलंस तर जागा दोन, मधे दीड तासाचा कडा. एका ठिकाणी जाशील तोवर दुसऱ्या ठिकाणी..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "मी इथे डोळ्यांत तेल घालून बसतो. होडी उत्तरेच्या टोकावरून दिसली की चर्चची घंटा वाजवीन."

सेवास्तीने बुटांचे बंद आवळले, डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि ती चढाला लागली.

दियाफानीहून आव्लोनाला पोचायला दोन तास लागतात. ती दीड तासात गेली. आव्लोना म्हणजे आमची शेतातली वाडी. पेरणीला आणि मळणीला गाव तिथे राहायला जायचं, एरवी दगडी घरं कुलपात. बाकीच्यांची मळणी आटोपली होती, त्या दिवसांत तिथे एकटी रिगोपूला मावशी होती. सत्तरीची, विधवा, वाळलेल्या शेंगेसारखी. तिचं खळं वाडीच्या टोकाला, अगदी उंचावर, आणि तिथून पश्चिमेचा सगळा समुद्र दिसतो.

मावशी उफणत होती. सातूचं भूस वाऱ्यावर सोनेरी होऊन उडत होतं. जो वारा थांबावा म्हणून खाली बायका देवाची करुणा भाकत होत्या, त्याच वाऱ्याची ती आठवडाभर वाट बघत होती.

"मावशी! सकाळी होडी दिसली का?"

"दिसली की."

"निळी?"

"निळी."

"आमच्या मिनासची?"

मावशीचं लाकडी फावडं हवेतच थांबलं. "नाव का घेतेस? परत आलाय का तो?"

"नाही आला, म्हणून तर विचारतेय."

"मग गप्प बस. त्या मडक्यात पाणी आहे, पी. केवढ्या धापा टाकतेस."

"मावशी, होडी कुठे वळली? कामाराला की—"

"सेवास्ती!" मावशीने फावडं जमिनीवर आपटलं. "तोंड सांभाळ. तुझ्या आईने शिकवलं नाही का काही?"

"शिकवलं. म्हणूनच तो कुठे आहे ते मला माहीत नाही! पाहुणा सांगत होता, मीच त्याचं तोंड दाबलं. या हाताने." तिने हात पुढे धरला. "तू पाहिलंस. तुला माहीत आहे. नुसतं सांग. बोटाने दाखव."

"बोटाने दाखवणंही सांगणंच झालं."

"त्यांच्या पायाशी पाणी चढतंय मावशी!"

"माझ्या तोंडून येणार नाही."

सेवास्तीचा तोल गेला. नंतर आयुष्यभर तिला त्या बोलण्याची लाज वाटली, पण त्या क्षणी ते तोंडातून गेलं ते गेलंच. "तुला काय! तुझा पोरगा तर कधीच गेला. आता दुसरीचा नवरा गेला तर तेवढीच सोबत होईल तुला."

मावशीने फावडं नीट भिंतीला टेकवलं. अर्ध्या उफणलेल्या राशीवर गोणपाट टाकून त्यावर दगड ठेवले, चारही कोपऱ्यांवर. मग ती गोठ्याकडे गेली आणि गाढवीला बाहेर काढून आणली.

"मला सरपण आणायचंय," ती म्हणाली.

"आत्ता?"

"सरपणाला काय मुहूर्त लागतो? तो खोगिराचा दोर नीट गुंडाळून घे. दुसराही घे, भिंतीवरचा. लांब आहेत दोन्ही. चला सासूबाई."

सासूबाई हे गाढवीचं नाव. तिला हाकललं की ती थांबायची आणि थांबवलं की चालायची, म्हणून मावशीने ते ठेवलं होतं.

वाडीबाहेर पडल्यावर वाऱ्याने दोघींना एकदम धरलं. वाट दगडी बांधांमधून जात होती. मावशी पुढे, गाढवी मधे, सेवास्ती मागे. मावशी मागे न बघता चालत होती आणि बोलत होती. वारा तोंडावर असल्यामुळे तिचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी मागे येत होतं.

"लोक काय म्हणतात माझ्याबद्दल? मी याकुमिसला विचारलं, म्हणून तो गेला. असंच ना?"

लोक तसंच म्हणत. रिगोपूलाने आपल्या मुलाला धक्क्यावर 'कुठे निघालास बाळा' म्हणून विचारलं आणि तो त्याच दिवशी बुडाला, ही गोष्ट प्रत्येक मुलीला दहा वेळा सांगितलेली असे.

"मी विचारलंच नव्हतं. त्यानेच सांगितलं. एकोणीस वर्षांचा होता, हुंदडत यायचा जायचा. कानात सांगितलं, 'आई, कुणाला सांगू नको, तिथे लॉब्स्टर लागलेत.' मला ठाऊक होतं तो कुठे आहे. वारा सुटला. माणसं वल्ही घेऊन माझ्या दारात उभी राहिली, 'रिगोपूला, तुला काही कल्पना?' माझी सासू माझ्याशेजारी उभी. तिने माझा हात असा दाबला." मावशीने आपलंच मनगट धरून दाखवलं, न थांबता. "आणि मी म्हटलं, नाही. मला नाही माहीत. त्यांनी दोन दिवस उत्तरेच्या सारिया बेटाकडे शोधलं. तो तिथे नव्हताच."

सेवास्ती मागून ओरडली, "मग तू मला आत्ता का..."

"तीस वर्षं जीभ जिथे बसलीय तिथून ती एका दुपारी हलत नाही पोरी. पाय हलतात. चल."

वाट जिथे फुटते तिथे दगडांचा एक ढीग आहे. उजवीकडे लिथी, डावीकडे कामारा. ढिगापाशी सासूबाई थांबल्या. मावशीने दोर ओढला, गाढवीने कान मागे पाडले. कुठे, मावशी, कुठे? पण तिने विचारलं नाही. मावशीने गाढवीच्या ढुंगणावर जोराचा फटका हाणला आणि ती डावीकडे वळली.

कामाराची वाट सेवास्तीच्या पायांना माहीत होती. ती सात वर्षांची असताना उन्हाळाभर इथे आजीजवळ राहिली होती. तेव्हा बारा घरांत धूर निघायचा. आता छपरं खाली बसली होती, भट्टीच्या तोंडातून अंजिराचं झाड वर आलं होतं, आणि त्या अंजिरांना खाणारं कुणी नव्हतं. आजीच्या घराच्या उंबऱ्यावर पाहुण्याने खडूने काढलेला सात हा आकडा दिसला. म्हणजे तो इथवर चढून आला होता. आजच! खडू ताजा होता, वाऱ्याने अजून पुसला नव्हता. सेवास्ती धावत सुटली.

कड्याच्या टोकाशी पोचल्यावर ती पालथी पडली आणि खाली पाहिलं. पाणी पांढरं उकळत होतं. निळ्या फळ्या लाटेबरोबर वर येत होत्या, खाली जात होत्या. इंजिन कुठेच नव्हतं. पट्टी कड्याच्या पोटाखाली आत गेलेली, वरून तिचा जेमतेम हातभर भाग दिसत होता. पट्टीवरून वर येणारी पायवाट लाटांखाली गेली होती. माणूस दिसत नव्हता.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. समुद्रावरच्या माणसाला काठावरून हाक मारायची नाही, हे तिच्या हाडांत इतकं मुरलं होतं की तिचे ओठ नुसते हलत राहिले.

मावशी तिच्याशेजारी येऊन गुडघ्यांवर बसली. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"मिनास!" ती ओरडली. खळ्यावरून शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज. "मिनास! अरे मिनास! कामाराला आहेस का? कामाराला?"

वारा. पाणी. मग खालून, कड्याच्या पोटातून, क्षीण आवाज आला. "आहे!"

आता सेवास्ती ओरडली, "लागलंय का?"

"पाय चिरडलाय. होडी आणि दगडाच्या मधे आला. पाहुणा धड आहे, पण त्याला पोहता येत नाही. पाणी कमरेला लागलंय. दोर आहे का?"

दोन दोर एकमेकांना बांधले, एक टोक गाढवीच्या खोगिराला, दुसरं खाली. सेवास्ती कड्यावर पालथी, मावशी गाढवीच्या तोंडाशी.

"आधी तू बांधून घे!" सेवास्ती ओरडली.

"पाहुणा आधी."

"मिनास, तुझा पाय..."

"माझ्या होडीतला पाहुणा आहे तो. ओढ!"

तिला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण दोर आधीच ताणला होता. "ओढ मावशी!"

"चला सासूबाई, हो!"

सासूबाई हलल्या नाहीत. चारही पाय रोवून उभ्या राहिल्या. मावशीने ओढलं, ढकललं, शिव्या घातल्या. दोर थरथरत होता, खाली ताडमाड उंच माणूस लोंबकळत होता. मग मावशीने एकदम गाढवीच्या तोंडाचा दोर सोडला, तिच्यासमोर हात आडवे पसरून उभी राहिली आणि दरडावून म्हणाली, "थांब! खबरदार पुढे आलीस तर!" गाढवी मुसंडी मारून तिच्या अंगावरून पुढे निघाली. मावशी बाजूच्या काट्यांत पडली. यॉर्गन रक्ताळलेल्या हातांनी कड्यावर आला, वही शर्टाच्या आत, आणि दोर सोडवताना नुसता "मिनास, मिनास" म्हणत राहिला.

दोर पुन्हा खाली गेला. त्याच वेळी एक मोठी लाट आली. पट्टीचा हातभर भाग दिसेनासा झाला. दोर सैल होता.

"मिनास!"

उत्तर नाही. पाणी मागे गेलं. दोर सैलच. यॉर्गनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सेवास्तीने दोराला हात लावून ठेवला होता, नाडी बघावी तसा. दुसरी लाट आली, गेली. आणि दोराला दोन झटके बसले.

"ओढ!" ती किंचाळली. या वेळी कुणी गाढवीला काही सांगितलं नाही. तिघांनी दोर धरला आणि मागे रेलले. मिनास वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. सेवास्तीने त्याला आत ओढलं, त्याच्या तोंडावर एक सणसणीत चपराक मारली, आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"होडी गेली," तो म्हणाला.

"गप्प बस."

"तुझी अर्धी पण गेली."

"म्हटलं ना, गप्प बस."

त्याला गाढवीवर घालून आव्लोनाला आणलं तेव्हा उन्हं अजून खळ्यावर होती. मावशीने त्याचा पाय काठ्यांत बांधला आणि पुन्हा फावडं उचललं, कारण वारा अजून होता आणि रास अर्धी राहिली होती. यॉर्गन लंगडत तिच्या मदतीला गेला. दुसऱ्या दिवशी निकितास आणि चार जण येऊन मिनासला उचलून खाली घेऊन गेले. पाय वाचला, पण तो थोडा आखूड राहिला.

पुढच्या वसंतात निकितास आणि मिनासने भागीत होडी घेतली, तीही निळी. ती पहिल्यांदा निघणार त्या सकाळी सगळं गाव धक्क्यावर होतं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. मिनास काठी टेकत होडीत उतरला. सेवास्तीने भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं, छातीवर क्रूस काढला, आणि पाठ फिरवली नाही.

"कुठे निघालास?" तिने विचारलं. मोठ्याने.

निकितासचा चेहरा पडला. मागे दोघा म्हाताऱ्यांनी आपली जाळी उचलली आणि ते सरळ घराकडे चालायला लागले. एकीने रुमाल डोळ्यांवर ओढला. मिनास दोराला हात लावून तसाच उभा. त्याच्या कपाळावर घाम आलेला सेवास्तीला दिसत होता. त्यालाही भीती वाटत होती, तिच्याइतकीच.

"सांग," ती म्हणाली. "नाहीतर उतर खाली."

"सारियाला," तो पुटपुटला.

"सारियाच्या कुठल्या बाजूला?"

"पूर्वेच्या. जुन्या चर्चखाली." मग जरा मोठ्याने, "संध्याकाळपर्यंत येतो."

होडी निघाली. सेवास्ती धक्क्याच्या शेवटच्या दगडावर बसली. दिवसभर तिच्याजवळ कुणी आलं नाही. कुणी तिला पाणी आणून दिलं नाही आणि तिने मागितलंही नाही. दुपारी थोडा वारा सुटला आणि पडला. रिगोपूला मावशी तेवढी चार वाजता डोंगर उतरून आली, तिच्याशेजारी बसली, आणि दोघी टोकाकडे बघत राहिल्या. निळी होडी टोकावरून वळली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता, आणि सेवास्तीला उठायचं होतं पण पाय इतके बधिर झाले होते की मावशीने तिला हाताला धरून उभं केलं.